क्लायंबिंग गिअरचा रिकॉल आणि सिरीयल नंबरचा घोळ: माझा अनुभव

माझं बिले डिव्हाइस (belay, म्हणजे चढणाऱ्याचा दोर अडवून धरणारं उपकरण) सदोष म्हणून कंपनीने परत मागवलं, म्हणजे रिकॉल केलं. नोटीस वाचली, पार्सल पाठवलं, बदली डिव्हाइस मिळालं. ते सगळं सरळ झालं. घोडं अडलं ते फॉर्ममधल्या 'सिरीयल नंबर' या एकाच चौकटीत, आणि त्याची चीड अजून गेलेली नाही.

उपकरणावर बरेच आकडे कोरलेले असतात. सीईच्या (CE, युरोपीय नियमांनुसार असल्याची खूण) चिन्हाशेजारचे चार आकडे, उदाहरणार्थ 0082, हा प्रमाणन संस्थेचा क्रमांक. ईएनच्या (EN) पुढे असतो तो युरोपीय मानकाचा. कॅराबिनरवर, म्हणजे दोर अडकवायच्या धातूच्या कडीवर, 12275 दिसतो. केएनसोबतचा (kN, किलोन्यूटन) आकडा ताकदीचा. हे सोडून जो लांबलचक उरतो, तो बहुतेक वेळा आपला नंबर.

तो वाचायचा कसा, हे प्रत्येक कंपनीचं वेगळं. 2011 मध्ये पेट्झल कंपनीने ग्रिग्री 2 हे बिले डिव्हाइस परत मागवलं. लीव्हर पूर्ण ओढल्यावर आणखी जोर लावला तर आतले भाग खराब होऊन तो उघडाच अडकू शकत होता, आणि मग ब्रेकची मदत मिळत नव्हती. बाधित नंबरांचे पहिले पाच आकडे होते 10326 ते 11136. म्हणजे 2010 चा 326 वा दिवस ते 2011 चा 136 वा: 22 नोव्हेंबर ते 16 मे. पुढे त्याच कंपनीने पद्धत बदलली. वर्षाच्या आकड्यांनंतर महिन्याचं अक्षर येतं, जानेवारीला ए. त्यामुळे जुनी पद्धत नव्या वस्तूला लावू नका.

माझ्या फॉर्मला नंबरमधली मोकळी जागा चालत नव्हती. शून्य आणि ओ हे अक्षर यांची गल्लत झाली, तरी उत्तर एकच यायचं: 'नंबर अवैध'. त्यावर कंपनीने खरेदीचं बिल मागितलं. दोष कारखान्यातला, मग वस्तू कुणी कुठून घेतली याचा संबंध काय? मी तीन फोटो पाठवले: अख्खं उपकरण, नंबर अगदी जवळून, आणि नोटिशीचा तो भाग, ज्यात बिलाची अटच नव्हती. तेव्हा गाडी पुढे सरकली.

नंबर झिजला असेल तर कोमट साबणपाणी आणि मऊ ब्रश वापरा, मग टॉर्च अगदी आडवा धरा; कोरलेल्या रेषांत सावली पडते आणि आकडे उठून दिसतात. थिनर नको, प्लास्टिकचे भाग खराब होतात. हार्नेसचं (कमरेला आणि मांड्यांना बांधायच्या पट्ट्यांचं) लेबल बहुधा आतल्या बाजूला शिवलेलं असतं आणि त्याची शाई घामाने उडते. म्हणून हार्नेस नवा असतानाच लेबलचा फोटो काढून ठेवा.

नोटीस नेमकं काय सांगते तेही बघा. काहींत वापर तत्काळ बंद करून वस्तू परत पाठवायची असते, काहींत आपणच तपासणी करायची असते. ती दाखवलेल्या पद्धतीनेच करा. दोरावर लटकून 'टिकतंय का' बघणं ही तपासणी नव्हे. क्लबच्या सामायिक पेटीतली वस्तू असेल तर त्याच दिवशी तिला लाल टेप गुंडाळून बाजूला काढा, नाहीतर दुसरा कुणीतरी ती उचलून नेतो.

वस्तू कापून निकामी करा आणि फोटो पाठवा असं कंपनीने सांगितलं, तर नंबरचा फोटो कापण्याआधी काढा. अ‍ॅव्हलांच ट्रान्सीव्हर (हिमस्खलनात गाडलेल्याला शोधायचं रेडिओ उपकरण) पाठवताना बॅटऱ्या काढून घ्या. आणि बदली वस्तू आली की तिचाही नंबर नोटिशीशी ताडून मगच गिअरच्या नोंदवहीत चढवा.