पावसाआधी ती होती कुठं?

मृगाचा पहिला दणका झाला की दुसऱ्या दिवशी वर्गात कुणाचा तरी हात वर जायचाच. "बाई, काल रात्री परड्यात बेडकंच बेडकं! परवापर्यंत एक नव्हतं. आभाळातनं पडत्यात काय?" बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका मराठी शाळेत मी सत्तावीस वर्षं विज्ञान शिकवलं. हा प्रश्न मुलांनी विचारला, त्यांच्या आयांनी विचारला. आता निवृत्त झाल्यावर भाजीबाजारात गाठ पडली की लोक विचारतात. तुम्हीही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते.

आभाळातनं पडत नाहीत. ती इथंच होती. मे महिन्यात ज्या ढेकळांवरून तुम्ही शेणखत पसरत होता, त्यांच्याखाली वीतभर, हातभर अंतरावर.

मलाही हे आधी पुस्तकातूनच माहीत होतं. प्रत्यक्ष पाहिलं ते शाळेमागं पाण्याच्या टाकीसाठी खड्डा खणताना. खणणारा गडी बैलहोंगलकडचा होता. त्यानं कानडीत हाक मारली, "कप्पे री, बाई!" म्हणजे बेडूक. त्याच्या ओंजळीत लिंबाएवढा तांबड्या मातीचा गोळा होता. नीट पाहिलं तर गोळ्याला डोळे होते, मिटलेले. पाय पोटाशी घट्ट आवळलेले. त्यावर चार चमचे पाणी सोडलं. बराच वेळ काही नाही. मग गळ्याखालची कातडी थरथरू लागली.

मुलांना बघता यावं म्हणून बादलीत भुसभुशीत माती भरून त्याला वर ठेवलं. सगळ्यांना वाटत होतं, आता डोकं खुपसून आत शिरणार. तो जागचा हलेना. मग त्याचं बूड हलू लागलं. उजवी टाच बाहेर, डावी टाच बाहेर, परत उजवी. प्रत्येक वेळी थोडी माती बाजूला सरायची आणि अंग किंचित वळायचं, जातं सावकाश फिरवावं तसं. तोंड शेवटपर्यंत आमच्याकडंच होतं. कंबर गेली, खांदे गेले, मग डोळे आत ओढले गेले आणि कडेची माती डोक्यावर ढासळली. एक खळगा उरला, थोड्या वेळानं तोही बुजला. चाळीस पोरांचा वर्ग, आणि कुणी हूं की चूं केलं नाही.

ही करामत मागच्या पायांची. पावलाच्या आतल्या कडेला एक कडक, धारदार उंचवटा असतो, खोऱ्याच्या पात्यासारखा. तळपाय उलटा करून पाहिलात की लगेच दिसेल. असं खोरं घेऊन जन्मलेल्या आपल्याकडच्या बेडकांच्या एका गटाचं शास्त्रीय नाव स्फेरोथेका. वर्षानुवर्षं यातल्या कितीतरी जाती एकाच नावाखाली मोडत होत्या. २०१७ साली महाराष्ट्रातल्या संशोधकांनी सह्याद्रीच्या बाजूच्या एका जातीला वेगळं काढलं आणि तिला 'पश्चिमा' असं नाव दिलं. फुग्यासारखं टम्म फुगणारे बेडूक वेगळे, त्यांचा गट अपरोडॉन. वाळवी आणि मुंग्या हे त्यांचं आवडतं खाणं, आणि तेही मातीतच मिळतं.

पण सात-आठ महिने बेडूक पाण्याविना काढतो कसा? माझ्या मते सगळ्यात मोठं आश्चर्य हेच. आत गेला की तो अंगाचा सगळा कारभारच मंद करतो. हालचाल नाही, खाणं नाही, श्वास अगदी संथ. शिवाय थोडाफार श्वास ओल्या कातडीतूनही चालतो. मूत्राशयात साठवलेलं पातळ पाणी शरीर गरजेप्रमाणं परत शोषून घेतं. मातीत दडणाऱ्या अनेक बेडकांत या काळात रक्तातलं युरियाचं प्रमाण वाढत जातं, आणि त्यामुळं भोवतालची सुकत चाललेली माती अंगातलं पाणी सहज ओढून घेऊ शकत नाही. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात बेडकांवर एक सूक्त आहे. त्यात कोरड्या तळ्यात पडून राहिलेल्या बेडकाला सुकलेल्या पखालीची उपमा दिली आहे. ज्यानं ती दिली, त्यानं उन्हाळ्यातला बेडूक हातात घेतलेला असणार, असं मला अगदी मनापासून वाटतं.

मग जागा कशानं होतो? नुसती ओल हे एकच कारण नाही. अमेरिकेच्या वाळवंटातल्या अशाच मातीत राहणाऱ्या बेडकांवर प्रयोग झाले, तेव्हा जमिनीला बसणारे पावसाचे हादरेच त्यांना वर आणतात असं दिसलं. पावसाचा थेंब नसताना मोटरीची थरथर दिली तरी ते वर आले.

वर आल्यावर उसंत नसते. डबकं किती दिवस टिकेल याचा भरवसा नाही, म्हणून नर रात्रभर ओरडतात आणि एक-दोन रात्रींत अंडी पडतात. फुगणाऱ्या बेडकांची अंडी पाण्यावर सायीसारखी एकेरी थरानं तरंगतात. तुमच्या भाताच्या वाफ्यात दिसणारे हळदीसारखे पिवळेधमक, गळ्याशी निळे फुगे असलेले ते मोठे बेडूक मात्र वेगळे, बरं का. तेही उन्हाळा मातीत काढतात, पण त्यांना खरं संकट माणसाचं. तंगड्यांसाठी ते इतके मारले गेले की १९८७ साली सरकारला निर्यातच बंद करावी लागली.

जमिनीखालचं हे गाव केवळ बेडकांचंही नाही. आपल्याच तालुक्यातल्या चोर्ल्याच्या परिसरातून २००७ साली देवगांडुळाची एक नवी जात नोंदली गेली, म्हादई नदीच्या नावानं. ते गांडूळ नव्हेच, बेडकाचं बिनपायाचं भावंड.

म्हणून वीटभट्टीला शेतातली वरची माती विकली जाते तेव्हा माझ्या पोटात कालवतं. एकदा उन्हाळ्यात ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून माती ओतताना मी त्यात दोन बेडूक पाहिले. एक अर्धा कापलेला होता. वर बांध रिकामा दिसतो, म्हणून आत कुणी नाही असं आपण धरून चालतो.

आता तुमचा दुसरा प्रश्न, धूळवाफ पेरणीच्या, म्हणजे पावसाआधी कोरड्या मातीत पेरण्याच्या वेळी नांगराच्या तासात बेडूक जिवंत सापडला तर काय करायचं. बरेच जण दया येऊन त्याला विहिरीत सोडतात. तसं करू नका. हा ठेंगणा, आखूड पायांचा जीव. बांधीव विहिरीच्या कडा त्याला चढून येत नाहीत, दमून तो बुडतो. बांधाकडेला झाडाच्या सावलीत माती हातानं मोकळी करा, तांब्याभर पाणी शिंपडा आणि त्याला वर ठेवून बाजूला व्हा. पाठमोरा कसा जातो ते मुलांना जवळ बसवून बघू द्या.