अनामत रक्कम परत मिळेपर्यंतचे ७३ दिवस

भाड्याच्या घराच्या चाव्या परत दिल्यापासून ७३व्या दिवशी माझी अनामत रक्कम खात्यात जमा झाली. करारात मुदत ३० दिवसांची होती. नवे घर शोधणे, सामान हलवणे, तिथे बस्तान बसवणे हे सारे सुरळीत पार पडले. परंतु स्वतःचेच पैसे मागण्यासाठी इतके हेलपाटे घालावे लागले याची चीड अजून गेलेली नाही.

घर सोडण्याची सूचना मी मुदतीत आणि लेखी दिली होती. शेवटच्या महिन्याचे भाडे ‘अनामत रकमेतून वळते करा’ असा सल्ला काहींनी दिला, तो मी मानला नाही. करारात तशी मुभा नसताना भाडे थांबवले असते, तर थकबाकीदार मीच ठरले असते. चाव्या घेताना घरमालकांनी सगळ्या खोल्यांतून एक फेरी मारली आणि ‘घर छान ठेवलंत’ असे ते म्हणाले. हेच वाक्य त्यांच्या सहीनिशी कागदावर घेतले असते, तर पुढचे बरेचसे टळले असते.

पहिला महिनाभर फोनवर एकेक उत्तर मिळत गेले. ‘हिशेब करतो’, ‘नवा भाडेकरू आला की देतो’, ‘तुमचे पैसे कुठे पळून जात नाहीत’. बोलणे इतके गोड की भांडायलाही जागा नसे. पण नवा भाडेकरू केव्हा येणार याच्याशी माझ्या पैशांचा संबंध काय? करारात तसे एक अक्षरही नव्हते.

३१व्या दिवशी मी ‘पैसे कधी देता’ हा प्रश्न सोडून दिला आणि पत्र लिहिले. त्यात कराराचे कलम, ताबा दिल्याची तारीख, अनामत रक्कम आणि माझा खाते क्रमांक नमूद करून मी एकच मागणी केली: कोणत्या कारणासाठी किती रक्कम कापणार ते बिलांसह १५ दिवसांत लेखी कळवावे आणि उरलेली रक्कम जमा करावी. पत्र रजिस्टर्ड पोस्टाने पाठवून पोचपावती जपून ठेवली. जे महिनाभराच्या फोनांनी झाले नाही ते या एका कागदाने झाले. १२ दिवसांत उत्तर आले. उत्तरात मात्र एकच ओळ होती, ‘रंगकाम व भिंतींची दुरुस्ती’, आणि तिच्यापुढे जवळजवळ निम्मी अनामत रक्कम कापलेली.

मी वेळ ठरवून त्या घरी गेले. निजायच्या खोलीत, जिथे माझे कपाट होते तिथे, भिंतीवर गडद रंगाचा एक लांबट चौकोन उमटलेला होता आणि त्याच्या वरच्या बाजूला खिळ्यांची ७ भोके होती. घरमालकांच्या मते हे दोन्ही माझ्यामुळे झालेले नुकसान होते. वास्तविक चौकोनातला रंग जसाच्या तसा राहिला होता. भोवतालची भिंत ४ वर्षांच्या उन्हाने फिकी पडली होती. याला नेहमीच्या वापराने होणारी झीज म्हणतात, आणि तिचा खर्च भाडेकरूच्या माथी मारता येत नाही. फुटलेली काच किंवा उखडलेली फरशी ही गोष्ट वेगळी. शिवाय मी राहायला आले तेव्हाच तो रंग नवा नव्हता. जुन्या रंगाच्या जागी संपूर्ण घराला नवा रंग लावण्याचा खर्च माझ्याकडून घेणे कोणत्याही हिशेबात बसत नाही.

सुदैवाने राहायला आले त्याच दिवशी मी प्रत्येक भिंतीचे फोटो काढून ते घरमालकांना ई-मेलने पाठवले होते, त्यामुळे तारखेविषयी वाद उरला नाही. (हे काम सामान लावण्याआधीच करावे, नंतर भिंती झाकल्या जातात.) त्यांनी फोटो मोठा करून पडद्यावर बोट ठेवत भोके मोजली. ५ भोके तेव्हाचीच होती. बराच वेळ ते काही बोलले नाहीत, मग म्हणाले, ‘बरं, दोन भोकांचं बघू.’ ती दोन भोके आणि तडा गेलेले स्विचचे झाकण यांचा खर्च मी तिथेच मान्य केला, कारण ते नुकसान खरोखर माझे होते.

एवढे ठरूनही पैसे यायला आणखी तीन आठवडे गेले. मधल्या काळात त्यांनी ‘काहीही येणे बाकी नाही’ असा मजकूर असलेला कागद सहीसाठी पुढे केला. रक्कम जमा होण्यापूर्वी अशी सही मुळीच करू नये. मी स्पष्ट नकार दिला आणि आणखी विलंब झाल्यास वकिलामार्फत नोटीस पाठवीन असे लेखी कळवले.

विजेच्या मीटरचा फोटोही चाव्या देतानाच काढून ठेवावा, कारण मी गेल्यानंतरच्या वापराचे बिलही आधी माझ्याच नावावर टाकले गेले होते. आकडा दाखवताच ते मागे घेतले गेले.

७३व्या दिवशी दुपारी रक्कम जमा झाल्याचा संदेश आला. मी खाते उघडून आकडा ठरलेल्या हिशेबाशी ताडून पाहिला, आणि संध्याकाळी जाऊन, मिळालेली रक्कम व तारीख स्वतःच्या हाताने लिहून, त्या कागदावर सही केली.