आमची वाटचाल : मखरापासून खलनायकाच्या चिलखतापर्यंत

ठाण्यात वागळे इस्टेटमधल्या आमच्या गाळ्यात पूर्वी थर्माकोलची गणपतीची मखरं व्हायची. मार्च २०१८ मध्ये राज्यात प्लास्टिक-थर्माकोल बंदी आली आणि ते काम थांबलं. कोरीवकामाचा हात होता, फायबरची (काचतंतूच्या मॅटवर रेझिन लावून केलेल्या कामाची) थोडीफार सवय होती. त्या बळावर नाटकवाल्यांची आणि इव्हेंटवाल्यांची कामं घेऊ लागलो. बालनाट्यातला राक्षस, मॉलमधला मॅस्कॉट, गॅदरिंगचा रोबो, कॉमिक कॉनला पोशाख करून जाणारी मुलं, असं करत करत आज मुख्य काम कार्टूनमधल्या खलनायकाच्या चिलखताचं आहे. साच्यातून काढलेलं, रंगवलेलं, आणि प्रयोग संपेपर्यंत माणसाला अंगावर वागवता येईल असं.

यातली शेवटची अट सगळ्यात अवघड. कार्टूनच्या खलनायकाला सांधेच नसतात. खांदे डोक्याच्या तिप्पट, कंबर मुठीएवढी, मान नाहीच. कागदावर त्याने हात वर केला की चित्रकार चिलखतही सोयीने वाकवतो. रंगमंचावर नटाने हात वर केला की खांद्याची वाटी थेट कानशिलावर येते. म्हणून आमच्याकडे मातीला हात लावण्याआधी चित्रावर कापायच्या रेघा पडतात. छाती आणि पाठ वेगळी, दोन्ही कुशींत ३-४ सेंमी फट. खांद्याची वाटी छातीला कधीच पक्की जोडायची नाही, आतल्या पट्ट्यावर लटकती ठेवायची. पोटाला अखंड पत्रा नको, तीन आडव्या पट्ट्या, एकीवर दुसरी २ सेंमी चढलेली. मांडीचं कवच गुडघ्याच्या वर ६-७ सेंमी संपवायचं. एवढं पुठ्ठ्यात कापून नटाच्या अंगावर टेपने चिकटवतो आणि त्याला खुर्चीत बसवतो, वाकवतो, हात डोक्यावर न्यायला लावतो. पुठ्ठा जिथे दुमडतो तिथे रेघ चुकलेली असते.

पहिली काही वर्षं सगळं ईव्हीए फोममध्ये (चपलांना असतो तसल्या दाट फोममध्ये) केलं. १० मिमीची शीट, हीट गन, कडा जोडायला एसआर, म्हणजे रबरी चिकटवण. एकच नग हवा असेल तर आजही गिऱ्हाइकाला फोमच घ्यायला सांगतो, साच्याचा खर्च एका नगावर टाकणं बरं नाही. पण फोमचा प्रत्येक नग हाताने कापलेला, त्यामुळे दोन खलनायक शेजारी उभे केले की फरक दिसतो. शिवाय टेम्पोत दाबून ठेवल्यावर कडा चेपतात त्या चेपतातच. तीन किंवा जास्त संच असतील, किंवा दौऱ्यावरचं नाटक असेल, तर साचा परवडतो.

साच्यासाठी आधी अंगाचा पुतळा. जुना टी-शर्ट, त्यावर क्लिंग फिल्म, त्यावर डक्ट टेपचे तीन थर. पाठीवर उभं कापून काढायचं, परत जोडायचं, आत कागद ठासून भरायचा. यावर ऑइल क्ले, म्हणजे तेलातली न सुकणारी माती; तिच्यात चिलखताचा आकार कोरायचा. छातीच्या एका कवचाला साधारण ५ किलो माती लागते. क्ले गंधकमुक्तच घ्यायची, कारण साचा सिलिकॉनच्या रबराचा करतो, आणि त्यातला प्लॅटिनमने सुकणारा प्रकार, प्लॅटिनम सिलिकॉन, गंधकाला लागलं की त्या जागी चिकट राहतं, कितीही थांबलं तरी सुकत नाही. लॅटेक्सच्या हातमोज्यांनीही हेच होतं, म्हणून नायट्राइलचे वापरतो. दुसऱ्या प्रकाराला, टिन सिलिकॉनला, ही नखरेबाजी नाही आणि ते स्वस्तही पडतं, पण त्याचा साचा ठेवून ठेवून आकसतो. शिरस्त्राणाचे दोन भाग वर्षभराने ओतले तर जोडावर फट दिसते. जे जोडून बसायचं ते प्लॅटिनममध्ये, बाकीचं टिनमध्ये, असा आमचा हिशेब.

किती सिलिकॉन लागेल याचा अंदाज सोपा आहे. छातीच्या कवचाचं क्षेत्रफळ, वळणं धरून, सुमारे २,२०० चौ. सेंमी. जाडी ८ मिमी धरली तर १,७६० घन सेंमी, म्हणजे जवळपास २ किलो. कडेच्या फ्लँजला (बाहेर काढलेल्या पट्टीला) आणि वाया जाणाऱ्याला अर्धा किलो. टिन सिलिकॉनमध्ये कॅटालिस्ट (ते सुकवणारं रसायन) २ ते ३ टक्के, वजनकाट्यावर मोजून. ५०० ग्रॅमला १५ ग्रॅमच्या वर गेलात की लवकर सुकतं खरं, पण साचा ठिसूळ होऊन कोपऱ्यात फाटतो. पहिला हात पातळ, ब्रशने, प्रत्येक खाचेत टोचत. हवा अडकली तर इथेच अडकते आणि मग प्रत्येक नगावर तोच फोड उठतो. तो चिकट असतानाच पुढचे घट्ट केलेले हात द्यायचे.

सिलिकॉनचा आकार धरून ठेवायला त्यावर फायबरचं कडक जॅकेट : ४५० जीएसएमच्या मॅटचे दोन थर, मॅटच्या अडीचपट पॉलिस्टर रेझिन. यात एक नियम भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावलाय. कोबाल्ट (रेझिन लवकर सुकवणारं रसायन) आणि एमईकेपी हार्डनर (रेझिन घट्ट करणारं पेरॉक्साइड) एकमेकांत थेट मिसळायचे नाहीत, स्फोट होतो. आधी रेझिनमध्ये कोबाल्ट नीट ढवळायचा, मगच हार्डनर. दोन्ही बाटल्या वेगवेगळ्या कपाटांत. मास्क साधा कापडी चालत नाही, रसायनांची वाफ अडवणाऱ्या (ऑरगॅनिक व्हेपरच्या) कार्ट्रिजचा लागतो.

ओतायला पूर्वी फायबरच वापरायचो. मजबूत असतं, पण कड धारदार राहते आणि मुलांच्या गर्दीत ती नको. आता मुख्य कवचं सेमी-रिजिड पीयूची, म्हणजे किंचित लवचिक पॉलियुरेथेन रेझिनची. साचा पूर्ण भरायचा नाही. पहिला थर ब्रशने द्यायचा, मग थोडं थोडं ओतून साचा हातात फिरवायचा, असे तीन थर, मिळून ३ मिमी. छातीला ७०० ग्रॅमच्या आसपास पीयू लागतं. मिसळल्यावर ओतण्याजोगं राहण्याचा वेळ (पॉट लाइफ) तीन-चार मिनिटं, त्यामुळे एकाने मिसळायचं, दुसऱ्याने साचा धरायचा. रेझिन वळणावरून घसरून खळग्यात साचतं. उंचवटे आणि कडा पातळ राहतात, मधे ठोकळा होतो आणि तिथेच गरम होऊन वाकतं. कडांना एरोसिल (सिलिकाची बारीक पूड) घालून घट्ट केलेलं रेझिन आधी ब्रशने लावलं की हा त्रास जातो. रेझिनमध्येच जांभळा किंवा काळा पिगमेंट घालतो. रंग खरवडला तरी पांढरा ओरखडा दिसत नाही.

खरी परीक्षा जूननंतर. पीयूच्या हार्डनरमधलं आयसोसायनेट पाण्याशी संयोग पावून कार्बन डायऑक्साइड सोडतं, आणि नग ढोकळ्यासारखा फुगतो. ठाण्याच्या पावसाळ्यात हवेतली ओल एवढी असते की तिला कुठूनही वाट मिळते : कागदी कप, लाकडी काडी, रात्रभर उघड्या गाळ्यात राहिलेला साचा, अर्धवट वापरलेला कॅन. प्लास्टिकचे कप आणि स्टीलची पट्टी एवढ्या बदलानेच निम्मे बुडबुडे गेले. बाकीचं असं : साचा आदल्या दिवशी डीह्युमिडिफायरच्या खोलीत, कॅन लहान मापाचे, उघडलेला कॅन बंद करताना वर कोरडा नायट्रोजन. भर पावसात शूटिंगवाले "परवा द्या" म्हणतात तेव्हा आम्ही फायबरमध्ये देतो, पीयूमध्ये नाही. गंमत म्हणजे टिन सिलिकॉनला हीच ओल लागते, त्या दिवसांत ते ब्रशवरच घट्ट व्हायला लागतं.

शिंगं, काटे, खांद्यावरची टोकं कडक ओतायची नाहीत. समोर मुलं असतात. बंद साच्यात फ्लेक्सिबल पीयू फोम ओततो. तो चार-पाच पट फुगतो, म्हणून साच्याच्या वर हवा जायला भोक ठेवावंच लागतं.

शिरस्त्राणाचं माप लोक नेहमी कमी धरतात. डोकं ५८ सेंमी, आत चारी बाजूंनी १२ मिमी फोम, म्हणजे आतला घेर ६५-६६ सेंमी हवा. कार्टूनसारखी निमुळती हनुवटी ठेवली तर डोकं आत जातच नाही. मग कानामागून दोन भाग करून २० मिमीची निओडिमियम चुंबकं, ध्रुव तपासून मगच चिकटवायची. डोळ्यांच्या काळ्या जाळीमागे पॉवर बँकेवर चालणारा छोटा पंखा, नाहीतर दहा मिनिटांत आत वाफ धरते.

पट्ट्यांचं सामान धारावीतून, बॅगवाल्यांकडून. २५ मिमी वेबिंग (विणलेली पट्टी), साइड-रिलीज बकल, रिव्हेटला आतून वॉशर हवाच. वॉशर नसला की रिव्हेट भोकासकट निघून येतो, आणि ते भर प्रयोगात होतं. वेल्क्रो फक्त मनगटाला. छातीचा भार पट्ट्यातून खांद्यावर आणि कमरेवर वाटला गेला पाहिजे. पूर्ण संच सात किलोच्या आत बसत नसेल तर आम्ही तो परत कापायला घेतो.

रंगाआधी साबणाने धुऊन आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) पुसणं टाळलं तर रिलीजचा, म्हणजे नग साच्यातून सुटावा म्हणून लावलेल्या लेपाचा, तवंग राहतो आणि रंग पापडासारखा सुटतो. मग १२०, २२०, ४०० चा घासायचा कागद, प्लास्टिक प्रायमर, रंग. कार्टून आहे म्हणून गंज, ओरखडे, धातूची चमक नको. सपाट रंग, सावलीचा दुसरा सपाट रंग आणि कडेने ४-५ मिमीची काळी रेघ. वरचा पारदर्शक क्लिअर कोट मॅट, चमक नसलेला. ग्लॉसवर गडकरी रंगायतनच्या समोरच्या दिव्यांत नुसते पांढरे डाग दिसतात.

साचे जॅकेटमध्ये, आत एक नग ठेवून, आडवे रचून ठेवतो. उभे ठेवलेले सिलिकॉन स्वतःच्या भाराने वाकतं आणि पुढचा नग तिरपा येतो. टिन साच्यातून डझन-दोन डझन पीयूचे नग निघाले की कोपरे कडक व्हायला लागतात. तेव्हा मास्टर नगावरून नवा साचा घेतो, म्हणून पहिला निर्दोष नग विकत नाही.

ऑर्डरसोबत चित्र समोरून, बाजूने आणि पाठीमागून पाठवा, आणि घालणाऱ्याची उंची, छाती, कंबर, डोक्याचा घेर, मांडीचा घेर. पोशाख कोण घालणार हे ठरलं नसेल तर छातीचं माप मोठ्याचं द्या. आतून फोम भरून कमी करता येतं, कवच वाढवता येत नाही. मे महिन्याच्या बालनाट्यांची कामं जानेवारीत घेतो.