खिशातली पुडी

गुरुजी खुर्चीत टेकायच्या आधीच म्हणाले, "साखर सोडून पाच वर्षं झाली डॉक्टर. चहातसुद्धा गोळी टाकतो. तरी दात किडतात म्हणजे तुमच्या शास्त्रातच काहीतरी गफलत आहे."

तोंडात आरसा घातला आणि मीही चक्रावले. खाली उजवीकडे ओळीनं चार दात मुळाशी किडलेले, तेही गालाच्या बाजूनं. डावीकडे डागसुद्धा नाही. सगळंच तोंड खराब असतं तर ब्रशवर खापर फोडून मोकळी झाले असते. आधी तंबाखूची शंका आली, पण तंबाखू धरतात तिथं गाल पांढरट, सुरकुतलेला दिसतो. हा गाल स्वच्छ होता.

चहातल्या गोळीवर संशय नव्हताच. सुक्रालोज असो की ॲस्पार्टेम, दातांवरच्या जिवाणूंना त्यापासून आम्ल करता येत नाही.

"दिवसभर तोंडात काय असतं?"

"काही नाही."

"खिसा दाखवा की," मागून काकू म्हणाल्या.

सदऱ्यातून पुडी निघाली. गुळाचे खडे! मधुमेहानं तोंड कोरडं पडायचं, म्हणून तासाला एक खडा गालात. "गूळ आहे ओ, साखर नव्हे!"

गूळ म्हणजे बव्हंशी सुक्रोजच, म्हणजे आपली साखरच. खडा विरघळल्यावर तोंडातलं आम्ल ओसरायला अर्धा तास तरी लागतो, आणि यांची लाळच कमी. पीएच हे आम्लतेचं माप, तो जितका कमी तितकं आम्ल जास्त. तो साधारण ५.५ ला उतरला की इनॅमल, म्हणजे दातावरचं कठीण कवच, झिजू लागतं. हिरडी उतरून उघडं पडलेलं मूळ त्याच्याही आधी. रक्तातल्या साखरेचं काय होत असेल, या काळजीनं त्यांच्या डॉक्टरांना लगेच चिठ्ठी लिहिली.

दात भरले, फ्लोराइडचा लेप दिला आणि खड्याऐवजी झायलिटॉल या साखरेच्या पर्यायी गोडव्याच्या गोळ्या सुचवल्या. १९७० च्या दशकात फिनलंडमधल्या टुर्कूच्या प्रयोगांनी झायलिटॉल गाजलं. वैद्यकीय पुरावे पारखणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१५ च्या आढाव्याला मात्र पुरावे तोकडे वाटले. मी त्याला औषध म्हणत नाही. चघळून लाळ सुटते आणि कीड पोसली जात नाही, एवढं मला पुरतं. घरात कुत्रं आहे का, तेही विचारून घेतलं. कुत्र्याला ते विषारी.

तीन महिन्यांनी गुरुजी आले. भरलेले दात शाबूत होते.

"गोळ्या चालू आहेत ना?"

"महाग पडतात ओ." मग जरा थांबून, अगदी शहाण्या मुलासारखं म्हणाले, "पण उजवीकडे काही ठेवत नाही आता. खडा डावीकडे धरतो."