ऊन चढायच्या आत वसुधारा

पहिल्या खेपेला आम्हाला वसुधारा लाभली नाही. बद्रीनाथच्या पुढच्या माणा गावातून निघायलाच साडेदहा वाजले होते. वसुधारा धबधब्याची पांढरी रेघ समोर दिसत होती, तासाभराची चाल उरली होती, आणि ताईंचं डोकं असं ठणकायला लागलं की त्यांना पाऊल उचलवेना. ताई म्हणजे माझ्या नणंदबाई. वय एकसष्ट, इंदूरला रोज पहाटे नेहरू पार्कात पाच फेऱ्या मारतात, दम म्हणून लागत नाही. त्या एका दगडावर बसल्या आणि म्हणाल्या, "वहिनी, मला मळमळतंय गं." आम्ही दहा मिनिटंही वाट पाहिली नाही, तिथूनच मागे फिरलो. माण्यापर्यंत उतरेस्तोवर त्यांचा चेहरा बराच मोकळा झाला होता.

चूक आमचीच होती. त्या दिवशी पहाटे जोशीमठहून निघून नऊला बद्रीनाथ गाठलं आणि सामान टाकून थेट वाटेला लागलो. जोशीमठ एकोणीसशे मीटरच्या आसपास, बद्रीनाथ ३१०० च्या वर, आणि वसुधारा त्याहूनही उंच. आपलं इंदूर साडेपाचशे मीटरवर. बद्रीनाथला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या मानाने जवळजवळ एक तृतीयांशाने कमी असतो. तिथे फिरायची सवय किंवा वय कामी येत नाही, शरीराला वेळच द्यावा लागतो. म्हणून ही वाट करायची असेल तर बद्रीनाथला दोन रात्री तरी काढा. पहिला दिवस दर्शन, तप्तकुंड आणि विश्रांती, बस. डोकं दुखायला लागलं, उलटीसारखं वाटलं की वर जायचं नाही. वाढतच गेलं तर खाली उतरायचं. उंचीवरच्या त्रासाच्या गोळ्या घ्यायच्या की नाही ते निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारा, विशेषतः रक्तदाबाची औषधं चालू असतील तर.

आता वाटेबद्दल. इंदूरहून रात्रीच्या गाडीने दिल्ली, तिथून हरिद्वार, पुढे ऋषिकेशहून टॅक्सी. ऋषिकेश ते बद्रीनाथ जवळजवळ तीनशे किलोमीटर, आणि हे अंतर एका दिवसात मारायचा हट्ट करू नका. देवप्रयाग, श्रीनगर, रुद्रप्रयाग, कर्णप्रयाग, नंदप्रयाग करत संध्याकाळपर्यंत पिपळकोटी किंवा जोशीमठ गाठायचं आणि तिथे झोपायचं. सिरोबगड आणि लामबगड या दोन ठिकाणी दरड कोसळली की तासन् तास गाड्या उभ्या राहतात. आमच्या परतीला सिरोबगडला अडीच तास गेले. दशम्या, लसणाची चटणी आणि शेवेचा डबा हाताशी होता म्हणून निभावलं. चारधाम यात्रेची नोंदणी ऑनलाइन आधीच करून ठेवा, तिचा कागद वाटेत तपासतात. रोख पैसे बरोबर असू द्या, मोबाइलच्या भरवशावर राहू नका.

ज्यांना महिन्याबद्दल शंका असेल त्यांच्यासाठी: मे अखेर ते जूनचा पहिला पंधरवडा, नाहीतर पाऊस ओसरल्यावर सप्टेंबर. जुलै-ऑगस्टात हा रस्ता मला पसंत नाही. थंडीत तर मंदिर बंद असतं, माण्याची माणसंही खालच्या गावांत उतरतात. २८ फेब्रुवारी २०२५ ला याच माण्याजवळ रस्त्याच्या कामावरच्या मजुरांच्या छावणीवर हिमकडा कोसळला आणि आठ जण गेले. त्या उतारांकडे बघताना हे मनात असू द्यावं.

तर दुसरा दिवस आम्ही विश्रांतीचा केला. सकाळी दर्शन घेतलं. ताईंनी तप्तकुंडात पाय सोडले आणि अहिल्याबाईंचं नाव काढलं. इंदूरचं माणूस बद्री-केदारला आलं की हे होतंच. त्या काळी, रस्ते नसताना, या वाटेवर धर्मशाळा बांधणारी ती बाई. संध्याकाळी नुसतंच माण्याला फेरफटका मारायला गेलो. गल्ल्या अरुंद, घरं दगडी, आणि प्रत्येक दारात लोकरीचं काहीतरी चाललेलं. माण्याचे लोक १९६२ च्या आधी माणा खिंडीतून तिबेटशी व्यापार करत. खिंड बंद झाली, लोकर मात्र हातात राहिली. एका दारात एक आजी टोपी विणत होत्या. सुया बांबूच्या, टोकं घासून गुळगुळीत झालेली. बोटांवर भेगा, त्या भेगांत लोकरीचे तंतू अडकलेले, तरी टाका एकही सुटत नव्हता. त्यांना ताईंची गोष्ट सांगितली. त्यांनी मान वर न करता सांगितलं, "धूप चढने से पहले ऊपर पहुँचना, दीदी. फिर हवा उठती है, पानी नीचे आता ही नहीं."

या एका वाक्यासाठी मी हा सगळा वृत्तांत लिहिते आहे.

आपण माळव्यातली माणसं धबधबा म्हटलं की पावसाचा विचार करतो. पाऊस पडला की पाताळपाणी, तिंछा, चोरल. वर कुठे ढग फुटला की खाली लोंढा. जुलै २०११ मध्ये पाताळपाण्याला एक कुटुंब पाण्यातल्या दगडांवर उभं असताना असंच वाहून गेलं; इंदूरकरांना ते अजून विसरता येत नाही. वसुधारेला पाणी पुरवतो तो मुख्यतः वितळणारा बर्फ, म्हणजे ऊन. रात्री वर सगळं थिजतं, सकाळी प्रवाह कमी आणि शांत असतो, दुपारी बर्फ वितळून पाणी वाढतं. ओढे सकाळी सहज ओलांडता येतात, तेच दोन वाजता गुडघ्याला लागतात. आणि दुपारी दरीत वारा सुटतो. सुमारे चारशे फुटांची धार, ती वाऱ्याने कापसासारखी पिंजली जाते. खाली उभं राहिलं तर तुषार दुसरीकडेच.

तिसऱ्या दिवशी सहाला माण्यातून निघालो. बाहेर पडताच भीमपूल. सरस्वती एवढ्या जोरात खडकांतून घुसते की बोलणं ऐकू येत नाही, आणि तिच्यावर एक प्रचंड शिळा आडवी पडलेली. ती भीमाने टाकली असं सांगतात. ज्यांना पुढची चढण जमणार नाही त्यांनी इथपर्यंत तरी यावंच. थोडं खाली सरस्वती अलकनंदेला मिळते, तो केशवप्रयाग.

भीमपुलानंतर खडी चढण, मग जवळजवळ अर्धी वाट बऱ्यापैकी सोपी, दगडी फरसबंदी. वाटेत द्रौपदीचं लहानसं देऊळ लागतं. अलकनंदा डाव्या हाताला खोल वाहते. माण्यापासून धबधबा पाच-सहा किलोमीटर. आम्हाला जायला तीन तास लागले, यायला दोन. शेवटचा टप्पा सैल दगडांचा आणि चढाचा आहे, गुडघे दुखरे असतील तर काठी पाहिजेच. माणा सुटल्यावर चहा नाही, दुकान नाही, झाड नाही. माणशी दोन लिटर पाणी, ओआरएस, गूळ-शेंगदाणे, टोपी आणि काळा चष्मा घ्या. सकाळी हात खिशातून काढवत नाहीत आणि नऊला मान भाजते, म्हणून एका जाड जॅकेटपेक्षा दोन-तीन पातळ कपडे बरे.

वाटेत मी बऱ्याचदा थांबले, आणि दमले म्हणून नाही. तीस वर्षं मी भूगोल शिकवला, तोही हिंदीतून. हिमानी म्हणजे हिमनदी, हिमोढ म्हणजे तिने आणून टाकलेला दगडमातीचा ढीग, निलंबी घाटी म्हणजे वर लटकती दरी. फळ्यावर खडूने यू काढायचा, पोरांनी वहीत उतरवायचा. त्या सकाळी तो यू माझ्यासमोर होता. दोन्ही बाजूंना उभ्या भिंती, तळ रुंद आणि सपाट. नदीने कोरली असती तर दरी व्हीसारखी चिंचोळी झाली असती. ही कोरली बर्फाने. सतोपंथ आणि भगीरथ खरक या दोन हिमनद्या आज धबधब्याच्या पुढे, अलकापुरीपाशी संपतात. एके काळी त्यांचा बर्फ इथवर आणि याच्याही खाली भरलेला होता. मोठ्या हिमनदीचा बर्फ जाड, तिने तळ खोल खरवडला. बाजूने येऊन मिळणारी हिमनदी लहान, तिच्याने तेवढं खोल जाववलं नाही. बर्फ मागे हटला आणि लहान दरीचं तोंड वरच लटकत राहिलं. तिचं पाणी आता तिथून उडी मारतं. पाताळपाण्याची गोष्ट वेगळी: तिथे चोरल नदी माळव्याच्या पठाराच्या काठावरून, लाव्हाच्या थरांवरून खाली पडते, बर्फाचा संबंधच नाही.

वाटेच्या कडेला एक खडक होता, ताटाएवढा भाग गुळगुळीत, त्यावर एकमेकींना समांतर बारीक चरे. मी त्यावरून बोट फिरवलं. बर्फाच्या तळाशी अडकलेल्या दगडांनी काढलेले ओरखडे. भाच्याला बोलावून त्याचंही बोट त्यावर ठेवलं. शेजारच्या ढिगाऱ्यात खोलीएवढे धोंडे आणि पिठासारखी माती एकत्र, काही निवडलेलं नाही, काही गोटा झालेला नाही. नदी दगड निवडत आणते, बर्फ सगळं एकदमच आणून टाकतो. तोच हिमोढ. मला तिथून हलवत नव्हतं. शेवटी ह्यांनी घड्याळ दाखवलं.

नऊला पोचलो. वारा नव्हता. दरीच्या टोकाला चौखंबा शिखर उन्हात आलं होतं, धबधबा अजून अर्धा सावलीत. पायथ्याशी घट्ट झालेल्या बर्फाचा मोठा थर होता, आणि त्याच्याखालून पाण्याने पोखरलेली गुहा. तरुण मुलं फोटोसाठी तिच्यात शिरत होती. हे करू नका, हात जोडून सांगते. छत वरून जाड दिसतं, कडेला ते बोटभरही नसतं, आणि ऊन लागलं की बर्फाचे, दगडांचे तुकडे वरून सुटतात. बर्फावर साध्या बुटांनी पाय टाकायचा तर टाच रोवून, दोन-चार पावलं, जास्त नाही. आम्ही बाजूच्या खडकांवरच राहिलो.

इथे अष्टवसूंनी तप केलं म्हणून ही वसुधारा. आणि पाप्याच्या अंगावर हिचं पाणी पडत नाही असं म्हणतात. मला त्यात वाऱ्याचं कारण दिसतं. ताईंना दिसत नाही, आणि त्या सकाळी मी त्यांच्याशी वाद घातला नाही. त्या डोळे मिटून, हात पसरून उभ्या राहिल्या. जरा वेळाने धार थोडी डुलली आणि तुषारांचा एक पडदा आमच्या अंगावरून सरकत गेला. ताईंची शाल, भुवया, चष्मा, सगळ्यांवर बारीक थेंब. त्यांनी चष्मा पुसला नाही.

पाऊण तास थांबलो आणि पावणेदहाला उतरायला लागलो. वाटेत वर येणारे कितीतरी भेटले, काही चपलांवर, काहींच्या कडेवर लहान मुलं, बरोबर पाण्याची एक बाटली. अकराच्या सुमाराला मागे वळून पाहिलं तर वारा उठला होता आणि धार मधेच विरत होती.

माण्यात त्या आजी त्याच दारात होत्या. टोपी पुरी झाली होती. ती ताईंनी घेतली. आजींनी विचारलं, "पानी मिला?" ताईंनी खांद्यावरची ओली शाल त्यांच्या हातात दिली.