कैलास परिक्रमेतले गोंपा, आणि डोलमा लाच्या पलीकडचा तो उतार

डोलमा ला ही कैलास परिक्रमेतली सगळ्यात उंच खिंड. तिच्या चढाबद्दल निघण्याआधी ज्याला त्याला विचारलं, त्यानं घाबरवून सोडलं. 5,630 मीटर उंची, हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम निम्मा, दहा पावलांनी थांबावं लागतं, वगैरे. सगळं खरं आहे. पण खिंडीच्या पलीकडे काय वाढून ठेवलंय, याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. परिक्रमेला जाऊन आलेल्यांनी नाही, आणि पैसे घेणाऱ्या टूरवाल्यांनी तर नाहीच. दुसरी फसवणूक गोंपांची, म्हणजे तिबेटी बौद्ध मठांची. माहितीपत्रकात 'मार्गावरील प्राचीन बौद्ध मठांना भेट' असं ठळक छापलं होतं. प्रत्यक्षात भेट म्हणजे खालून बोट दाखवून 'तो बघा मठ'. कैलासाला शंकराचं स्थान म्हणून जाणाऱ्यांना याचं काही वाटणार नाही कदाचित. मी गोंपांसाठी गेलो होतो, त्यामुळे मला वाटलं, आणि अजूनही वाटतं. ज्यांना गोंपा बघायचेत त्यांच्यासाठी हे लिहितोय. सह्याद्रीत नियमित फिरता, बूट-काठी-थंडीचे कपडे कळतात, हे धरून चालतो.

आधी वाटेबद्दल. आम्ही काठमांडूहून केरुंगमार्गे गेलो. केरुंग हे नेपाळ-तिबेट सीमेजवळचं गाव साधारण 2,800 मीटरवर आणि पुढचं मुक्कामाचं सागा 4,500च्या आसपास. हा टप्पा बसनं एका दिवसात उरकतात, मध्ये 5,000 मीटरच्या वरची खिंड ओलांडून. साग्याला पोहोचलो तेव्हा अर्ध्या गटाचं डोकं ठणकत होतं आणि रात्री जेवायला फार थोडे बसले. हे अजिबात बरोबर नाही. केरुंगला दोन रात्री मुक्काम आणि तिथे दिवसा वर चढून खाली येणं, हे पैसे भरण्याआधी लेखी मागून घ्या. डायमॉक्स या उंचीच्या त्रासावरच्या औषधाबद्दल स्वतःच्या डॉक्टरशी बोला, सल्फाची ॲलर्जी असेल तर आवर्जून. आणि मठ हाच हेतू असेल तर सरळ ल्हासामार्गे जा. ल्हासा 3,650 मीटरवर आहे, शरीर हळूहळू रुळतं, वाटेत जोखांगचं मंदिर होतं, शिगात्सेला 1447 साली स्थापन झालेला ताशिल्हुन्पो मठ होतो. खर्च जास्त, दिवस जास्त, पण साग्याची ती रात्र टळते. भारत सरकारची यात्रा 2025 पासून लिपुलेख आणि नाथू ला अशा दोन्ही बाजूंनी पुन्हा सुरू झालीये. ज्यांचा नंबर लागेल त्यांनी सोडू नये.

मानसरोवराच्या काठचा च्यू गोंपा बहुतेक गटांना दाखवतात, कारण रस्त्यालगत आहे. लालसर खडकाच्या सुळक्यावर चिकटून बसलेला, खाली गंगा छूचा प्रवाह, आत तिबेटात बौद्ध धर्म रुजवणाऱ्या पद्मसंभवाची गुहा. सरोवराभोवती पूर्वी असे आठ गोंपा होते. सांस्कृतिक क्रांतीत ते सगळे उद्ध्वस्त झाले, नंतर त्यातले काही पुन्हा उभे राहिले. पश्चिम काठावरच्या कड्यावर गोसुल गोंपा आहे. आमची सरोवर परिक्रमा बसमधूनच झाली आणि बस गोसुलच्या खालून न थांबता गेली. चालकाला विनवलं, गाइडला विनवलं, उत्तर एकच: कार्यक्रमात नाही. सरोवराकाठचे ते दिवस बाकी निवांत होते, त्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही.

परिक्रमा जिथून सुरू होते त्या दारचेनला घोडा आणि पोर्टर ठरवताना डोकं शांत ठेवा. दर तिथली स्थानिक व्यवस्था ठरवते, घोडेवाला चिठ्ठी टाकून नेमला जातो आणि पैसे संपूर्ण परिक्रमेचे आगाऊ द्यावे लागतात. मध्येच सोडलात तर परत काही मिळत नाही. इथवर ठीक. पण आमच्या टूरवाल्यानं मुंबईत जो आकडा सांगितला होता त्याच्या जवळपास दुप्पट दारचेनला मागितले गेले. 'दर वाढले' एवढंच कारण. गटातल्या दोन काकू रडवेल्या झाल्या, कारण त्यांनी युआन मोजून आणले होते. शेवटी सगळ्यांनी मिळून त्यांची सोय केली. तेव्हा सांगितलेल्या आकड्यावर भरवसा ठेवू नका, ऐनवेळी दुप्पट देता येतील इतके युआन रोख जवळ ठेवा, आणि भारतीय रुपये तिथे कुणी हातात धरत नाही हे लक्षात असू द्या. आणखी एक, आणि हे फार महत्त्वाचं: घोडा घेतला म्हणजे परिक्रमा घोड्यावर होते, हा समज काढून टाका. डोलमा लावरून खाली घोड्यावर बसून उतरता येत नाही. जिथे आधाराची सगळ्यात जास्त गरज, तिथे तुम्ही पायी आणि घोडा वेगळ्या वाटेनं पुढे. पोर्टर मात्र सोबत राहतो. दोन्हींपैकी एकच परवडत असेल तर बेलाशक पोर्टर घ्या.

पहिल्या दिवशी यमद्वारापर्यंत, जिथून चालायला सुरुवात होते, गाडी जाते. जवळच तारबोचेचा उंच ध्वजस्तंभ आहे. सागा दावाच्या पौर्णिमेला, म्हणजे तिबेटी चौथ्या महिन्यात, तो उतरवून नव्या पताकांसह पुन्हा उभारतात. त्या वेळी तिथे तोबा गर्दी असते. 2026 हे तर तिबेटी पंचांगात अश्ववर्ष. या वर्षातली एक परिक्रमा तेरा परिक्रमांच्या तोलाची मानतात, त्यामुळे गर्दीला तोटा नाही. शांतपणे गोंपा बघायचे तर सागा दावा टाळा.

यमद्वारापासून थोडं पुढे ल्हा छू नदीच्या पलीकडे, डाव्या हाताला, कड्याच्या पोटात चोकू गोंपा दिसतो. गट त्याच्या समोरून ताडताड निघून जातो. आमचा गाइड म्हणाला, वेळ नाही. वेळ होता. त्या दिवशी डिरापूकला, पहिल्या मुक्कामी, पोहोचून संध्याकाळपर्यंत सगळे नुसते बसून होते. मी आणि नाशिकचा एक मित्र, आम्ही दोघं पुलावरून पलीकडे गेलो. चढ खडा आहे, या उंचीवर अर्धा तास सहज घेतो, पण वाट स्पष्ट आहे, काही कठीण नाही. आत अंधार. तुपाच्या दिव्यांच्या काजळीनं तुळया काळ्याभोर झालेल्या. पांढऱ्या दगडातली अमिताभ बुद्धाची मूर्ती उत्तरीयांच्या थरांखाली इतकी झाकलेली की फक्त चेहरा दिसतो, आणि त्यावर सोनेरी मुलामा. चोकूची ही मूर्ती, एक शंख आणि एक मोठं तांब्याचं पातेलं, या तीन गोष्टींना तिथे फार मान आहे. माझ्यापुढे एक म्हातारी तिबेटी बाई होती. तिनं थर्मासातलं वितळलेलं तूप प्रत्येक दिव्यात जेमतेम चमचाभर ओतलं, एकही दिवा न चुकवता, आणि मग त्या पातेल्याच्या काठाला कपाळ टेकवून बराच वेळ तशीच उभी राहिली. मागे आम्ही दोघं श्वास सावरत थांबलो. घाई करावीशी वाटली नाही. दाराशी उभं राहिलं की समोर कैलासाचा पश्चिमेकडचा कडा संपूर्ण दिसतो, तो खालच्या वाटेवरून असा दिसत नाही. परिक्रमेतला सगळ्यात चांगला गोंपा कुठला म्हणाल तर चोकू, आणि तोच सगळे चुकवतात.

आतल्या मूर्तींचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका. प्रदक्षिणा डावीकडून उजवीकडे. कुणी उलट दिशेनं येताना दिसलं तर ते बोन या तिबेटच्या जुन्या धर्माचे, त्यांची परिक्रमा तशीच असते, त्यांना वाट द्या. दलाई लामांचा फोटो किंवा त्यांच्याविषयीचं पुस्तक सामानात ठेवू नका, फोनमध्येही नको. तपासणी होते, आणि त्रास तुमच्यापेक्षा तुमच्या तिबेटी गाइडला जास्त होतो.

डिरापूकचा गोंपा नदीच्या पलीकडच्या उतारावर आहे, मुक्कामाच्या इमारतींपासून वेगळा. पाय दमलेले असतात, म्हणून लोक उद्यावर टाकतात, आणि उद्या अंधारात निघायचं असतं. जायचं तर पोहोचल्या दिवशीच. तेराव्या शतकात गोत्सांगपा नावाचा सिद्ध इथे आला. एका मादी याकनं त्याला वाट दाखवली, ती गुहेत शिरली आणि नाहीशी झाली, खडकावर शिंगांची खूण तेवढी उरली, अशी कथा आहे. ती गुहा आत आहे. परिक्रमेची वाट खुली केल्याचा मानही त्याच्याकडेच जातो. पाठ फिरवली की समोर उत्तर भिंत, दोन बाजूंना छोटे डोंगर, मध्ये कैलास सरळसोट उभा. सूर्य मावळेपर्यंत मी हललो नाही. इथली शौचालयं भयंकर आहेत, नाक बांधून जा, त्यावर जास्त लिहीत नाही.

घड्याळाचं एक सांगायलाच हवं. सगळ्या तिबेटात बीजिंगची वेळ चालते, आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. 'सकाळी सहाला निघू' म्हणजे इथे मिट्ट काळोख. डोक्याला लावायचा टॉर्च नवीन बॅटरीसह हवाच, आणि बॅटरी रात्री झोपताना पिशवीत अंगाजवळ ठेवा, थंडीत ती बसते.

आता तो दिवस. डिरापूकहून निघून शिवत्साल, जिथे लोक अंगावरचे कपडे ठेवून जातात, तिथून खिंडीतल्या डोलमाच्या शिळेपर्यंतचा चढ. हळू चढा, पोचाल. कळसूबाई न थांबता चढणारे आमच्यातले दोघं इथे पाच-पाच पावलांनी थांबत होते, आणि मग कधीही डोंगर न चढलेली एक मावशी त्यांच्या पुढे गेली, कारण तिनं पहिल्या पावलापासून वेग वाढवलाच नाही. खिंडीत पताकांचा नुसता ढीग, रडणारे, गाणारे, साष्टांग नमस्कार घालत आलेले तिबेटी. मलाही भरून आलं. सगळे मिठ्या मारत होते, जणू परिक्रमा संपली.

संपलेली नसते. त्या दिवसाचं खरं अंतर अजून बाकी असतं, आणि हेच कुणी सांगत नाही. खिंडीपलीकडे खाली गौरीकुंड दिसतं, आणि तिथून वाट जवळजवळ चारशे मीटर खाली कोसळते. सुटे धोंडे, मध्ये घसारा, सावलीच्या बाजूला जुना कडक बर्फ. नळीच्या वाटेनं हरिश्चंद्रगड उतरलेल्यांना असे धोंडे नवीन नाहीत. पण इथे ते 5,500 मीटरवर, पोट रिकामं, खिंडीत भावना सांडून झालेल्या, आणि मागून घाईतले लोक धक्के देत. माझा उजवा गुडघा अर्ध्या उतारात बोलायला लागला. पुढे एका गृहस्थांचा पाय मुरगळला आणि पोर्टरनं त्यांना अक्षरशः पाठीवर घेऊन खाली आणलं. त्यांच्याकडे एकही काठी नव्हती, कारण टूरवाल्यानं 'घोडा आहे ना' असं सांगितलं होतं.

उतार संपला की चहाचे तंबू लागतात. तिथे बसा, सूप-नूडल्स काय मिळेल ते गरम पोटात घाला, पायमोजे बदला. मग सुरू होते पूर्वेची दरी. सपाट आहे म्हणून सगळे निश्चिंत होतात. सपाट म्हणजे तासन् तास. कुठे पाणथळ, कुठे ओढे, कुठे गोटे, आणि प्रत्येक वळणावर वाटतं की पुढे झुटुलपूक, दुसरा मुक्काम. ते येत नाही. वारा समोरून. डिरापूक ते झुटुलपूक मिळून सुमारे 20 किलोमीटर, पण माझ्या पायांनी त्यातले शेवटचे सहा-सात वेगळेच मोजले. या दरीत मी त्या टूरवाल्याला मनात काय काय बोललो ते लिहीत नाही.

म्हणून माझं स्पष्ट मत: दोन काठ्या, गुडघ्याला पट्टा, उतारासाठी बोटांपुढे जागा असलेले बूट. चढावर वेळ वाचवा, खिंडीत पंधरा मिनिटांपेक्षा जास्त थांबू नका, आणि वाचलेला सगळा वेळ उताराला द्या. दुपारनंतर हवा बिघडते, त्यामुळे दुपारच्या आत खिंड ओलांडायची ठेवा. साठीच्या पुढच्यांचे गुडघे आधीच कुरकुरत असतील तर त्यांनी डिरापूकहून उलट फिरून दारचेनला यावं. त्यात कमीपणा काही नाही. चोकू आणि डिरापूक दोन्ही होतात, कैलासाचं उत्तर दर्शन होतं. आमच्यातल्या ज्यांनी असं केलं ते आमच्यापेक्षा प्रसन्न दिसत होते.

झुटुलपूकला मी पोहोचलो तेव्हा गोंपा बंद होता. दुसऱ्या दिवशी सकाळी गट निघण्याआधी गेलो. मिलारेपा या तिबेटी बौद्ध सिद्धाची गुहा मुख्य दालनाच्या मागे आहे. बोन आचार्य नारो बोनचुंग आणि मिलारेपा यांच्यात कैलासावरून सामना जुंपला होता, त्यातलाच हा एक प्रसंग. पाऊस आला, निवारा करायचा ठरला, मिलारेपानं छताची शिळा हातानं वर रेटली, फार उंच झाली म्हणून वर जाऊन पायानं खाली दाबली. आत जायला वाकावं लागतं. छत तुपाच्या धुरानं काळंकुळकुळीत, हातांच्या स्पर्शानं गुळगुळीत झालेलं. भिक्षूनं माझं मनगट धरलं, टॉर्च बंद करायला लावला आणि माझा पंजा त्या खळग्यात नेऊन ठेवला. खळगा गार आणि तेलकट होता, माझ्या हातापेक्षा बराच मोठा. भिक्षू हसला आणि पुढच्या माणसाचं मनगट धरलं.

झुटुलपूकहून दारचेनपर्यंतची वाट सोपी, काही सांगायला नको.

जाणाऱ्यांनी एक करा. टूरवाल्याकडून गोंपांची नावं घालून लेखी घ्या: च्यू, गोसुल, चोकू, डिरापूक, झुटुलपूक. नुसतं 'मठदर्शन' चालणार नाही. प्रत्येक नावापुढे 'आत जाऊन, किमान अर्धा तास' असं लिहून घ्या, आणि तिबेटी गाइडला तो कागद दारचेनला पोहोचण्याआधी दाखवा, कारण तिथे पोहोचल्यावर सगळे घोड्यांच्या भावात अडकतात. चोकूला पहिल्या दिवशी सकाळीच जा. जे लिहून द्यायला तयार नसतील त्यांच्यासोबत जाऊ नका, दुसरे पुष्कळ आहेत.