66 फुटांची साखळी

शिकागोच्या पश्चिमेकडील एका कम्युनिटी कॉलेजात मी गेल्या वर्षापासून सिव्हिल इंजिनिअरिंग टेक्नॉलॉजीचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम करत आहे. सांगलीत बी.कॉम. झाल्यावर लग्न, परदेश आणि मुलांच्या शाळा यांत चौदा वर्षे निघून गेली आणि सदतिसाव्या वर्षी मी पुन्हा वर्गात जाऊन बसले. हेच क्षेत्र निवडण्याचे कारण माझे वडील. मिरजेच्या तंत्रनिकेतनातून डिप्लोमा करून त्यांनी पाटबंधारे खात्यात सारी नोकरी काढली. 'इंजिनिअर नव्हे, ओव्हरसियर' असे त्यांच्याविषयी बोललेले मी लहानपणी अनेकदा ऐकले आहे आणि ते मला तेव्हाही लागत असे.

कम्युनिटी कॉलेज ही संस्था आपल्याकडच्या तंत्रनिकेतनाच्या जवळची असली, तरी तंतोतंत तशी नाही. यातले सर्वांत जुने सरकारी कॉलेज याच राज्यात, जोलिएट येथे 1901 साली सुरू झाले. येथे प्रवेशासाठी चुरस नसते, कॉलेजच्या हद्दीत राहणाऱ्यांना शुल्क कमी असते आणि बरेच वर्ग संध्याकाळी भरतात. माझ्या शेजारी बसणारा गृहस्थ दिवसभर डांबरीकरणाच्या कामावर असतो आणि तेथूनच बुटांवरच्या खडीसह वर्गात येतो. सुमारे 60 क्रेडिट पूर्ण केल्यावर मिळणारी पदवी तंत्रज्ञाची असते. येथे भर बीजगणित, त्रिकोणमिती, आरेखन, मोजणी आणि चाचण्यांवर असतो. चार वर्षांच्या इंजिनिअरिंगला लागणारे कॅल्क्युलस फारसे शिकवत नाहीत. त्यामुळे पुढे पूर्ण इंजिनिअर होण्याचा विचार असणाऱ्याने आपली कोणती क्रेडिट विद्यापीठ धरील, हे प्रवेशापूर्वीच विचारून घ्यावे. मी ते विचारले होते आणि समजून-उमजून हाच मार्ग धरला.

पहिल्या सत्रात मोजणी हा विषय होता. कॉलेजच्या वाहनतळापासून मागच्या तळ्यापर्यंत लेव्हल नेऊन, म्हणजे जमिनीच्या उंचीतला फरक टप्प्याटप्प्याने मोजत जाऊन, परत मूळ खुणेवर यायचे, असे काम आम्हा तिघांच्या गटाला दिले होते. तिपाई रोवून, बुडबुडा मध्यावर आणून मी दुर्बिणीतून स्टाफ, म्हणजे समोर उभी धरलेली मापाची पट्टी, वाचला आणि 4.6 हे वाचन वहीत 4 फूट 6 इंच असे उतरवले. येथील मोजणीच्या स्टाफवर इंच नसतातच. फुटाचे दहा भाग आणि त्या प्रत्येकाचे पुन्हा दहा भाग असतात. म्हणजे 4.6 फूट हे खरे तर 4 फूट 7.2 इंच. फेरा पूर्ण झाला तेव्हा सुरुवातीची आणि शेवटची उंची जुळेना, आणि अंधार पडेपर्यंत आम्ही सगळी वाचने पुन्हा घेतली. माझ्यामुळे दोघांचा वेळ गेला याचे मला फार वाईट वाटले, परंतु शिक्षकांनी शांतपणे सांगितले, की फेरा बंद करण्याची पद्धत याचसाठी असते. चूक होणारच, ती कागदावर पकडली गेली पाहिजे, मातीत नव्हे.

त्याच विषयात एके दिवशी शिक्षकांनी फळ्यावर 66 हा आकडा लिहिला. जमीन मोजण्याची जुनी गुंटरची साखळी 66 फुटांची, कड्या 100. अशा 80 साखळ्यांचा मैल आणि 10 चौरस साखळ्यांचा एकर. या भागातली जमीन याच मापाने मैल-मैल लांबीरुंदीच्या चौकोनांत आखली गेली, म्हणून आजही आमच्याकडचे मोठे रस्ते बऱ्याच ठिकाणी दर मैलाला एकमेकांना छेदतात आणि जुन्या रस्त्यांची रुंदी अनेकदा नेमकी 66 फूट भरते. ते ऐकताना माझ्या डोळ्यांपुढे आजोबांचा सातबारा आला. आपला गुंठा 33 बाय 33 फुटांचा, म्हणजे अर्ध्या साखळीचा चौरस, 1,089 चौरस फूट. असे 40 गुंठे म्हणजे 43,560 चौरस फूट, एक एकर. लहानपणी मी 33 हा आकडा नुसता पाठ केला होता. तो कोठून आला असेल, हा प्रश्नच कधी पडला नव्हता. वहीच्या समासात मी गुंठ्याचा चौकोन काढला आणि वर्ग संपल्यावर शिक्षकांना दाखवला. त्यांनी त्याचा फोटो काढून घेतला.

मला सर्वांत जास्त आवडते ती कॉंक्रीटची प्रयोगशाळा. 12 इंच उंचीचा, तळाशी 8 आणि वर 4 इंच रुंदीचा शंकू पायांनी दाबून धरायचा, ओल्या कॉंक्रीटने तीन थरांत भरायचा, प्रत्येक थराला सळईचे 25 ठोसे द्यायचे, मग तो सुमारे 5 सेकंदांत सरळ वर उचलायचा आणि माल किती खाली बसला ते मोजायचे. बाबांना हे फोनवर सांगितले तेव्हा ते लगेच म्हणाले, "आम्ही चार थर करायचो गं." त्यांचे बरोबर होते, 1959 च्या भारतीय मानकात चार थरच सांगितले होते.

त्यानंतर मी हवेच्या चाचणीचे सांगितले आणि ते क्षणभर गप्प झाले. "हवा मुद्दाम घालतात? आम्ही तर ती काढायला व्हायब्रेटर लावायचो." त्यांना नीट समजावताना तो धडा मलाही पक्का समजला. भरताना अडकून राहिलेले मोठे पोकळ भाग कॉंक्रीटला दुबळे करतात; ते तेथेही वाईट आणि येथेही वाईटच. येथे रसायन घालून निर्माण करतात ते डोळ्यांना जेमतेम दिसणारे, सर्वत्र विखुरलेले बुडबुडे. पाणी गोठले की सुमारे 9 टक्के फुगते आणि हिवाळाभर गोठणे-वितळणे चालूच राहते. कॉंक्रीटच्या बारीक छिद्रांतल्या पाण्याला फुगण्यासाठी जवळच जागा मिळाली नाही, तर पृष्ठभागाचे पापुद्रे सुटतात. म्हणून उघड्यावरच्या कामात साधारण 6 टक्के हवा ठेवतात आणि ती आहे की नाही, हे ओतण्यापूर्वी दाबाच्या भांड्यात मोजतात. ती मोजणारा असतो तंत्रज्ञच. त्याने आळसाने आकडा भरला, तर आराखडा कितीही उत्तम असो, फुटपाथ काही हिवाळ्यांतच सोलवटतो.

बाबांच्या कालव्याला किलोमीटरमागे वीसएक सेंटिमीटर उतार होता, असे ते सांगतात. त्या उतारावर पाणी शेवटच्या शेतापर्यंत पोहोचवायचे, तर लेव्हल किती काटेकोर लागली असेल, हे आता स्वतः तिपाईमागे उभी राहिल्यावर मला कळते. वाहनतळावरचा फेरा दुसऱ्या आठवड्यात आम्ही पुन्हा केला आणि त्या रात्री मी त्यांना सांगितले, की फरक 0.01 फुटाचा आला. त्यांनी मनातल्या मनात हिशेब केला.

"म्हणजे तीन मिलिमीटर. चांगला बंद झाला. स्टाफ कोणी धरला होता? त्याचेही नाव वहीत लिही."